शेपटी सोडून पाच

मासा सहा पेन्सिली लांब आहे, असं त्या पुस्तकात छापलं होतं. दुसरीतली एक मुलगी म्हणाली, पाच. तिला चूक ठरवण्यात आलं. गोष्ट एवढीच आहे, आणि ती सांगताना माझं डोकं अजून तापतं.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. खाडीतला गाळ, बंद केलेली दुपारची एसटी, पट कमी म्हणून शाळेला लावायचं कुलूप, असलं काही निघालं की अर्ध्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि पहिल्याच ओळीत ठोसा मारायचा. त्यामुळे हळू बोलणं मला कधी जमलं नाही. पण पूर्णगडच्या अलीकडे एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे दर शनिवारी सकाळी मी लहान मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायला जात असे. तो एक तास मी माणसात असायची.

पुस्तकांचं खोकं रत्नागिरीहून आलं होतं. त्यात मोजायला शिकवणारं एक जाड पानांचं, चकचकीत पुस्तक होतं. पलंग किती पावलं, पायमोजा किती बोटं, बर्फाचा माणूस किती टोप्या उंच. हा बर्फाचा माणूस आला आणि आमचं वाचन तिथेच अडलं. एका पोराने विचारलं, "ताई, एवढा बर्फ आणला कुठून?" दुसरा म्हणाला, "फॅक्टरीतून. दुसरीकडे मिळतो काय?" तिसऱ्याला खरीच काळजी लागली. "मग मासळीत काय घातलं रे?" बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीत घालायची वस्तू, त्याची माणसं करून अंगणात उभी करणारे लोक मुलांना पक्के उधळे वाटले.

पुस्तक वाईट होतं असं मी म्हणणार नाही. वीत असो, पेन्सिल असो, माप एकच धरायचं, एकाला एक चिकटवून ठेवायचं, मध्ये फट सोडायची नाही, हे ते छान सांगत होतं. मुलांनी त्या दिवशी दार मोजलं, फळा मोजला, शाळेत झोपायला येणारा कुत्रा मोजला. सगळ्यांत पुढे ही मुलगी. तिची आई मासळी विकते, बाप होडीवर असतो. वर्गातल्या एका दांडगोबाने विती मोजताना मध्ये बोटभर जागा सोडली, तशी हिने त्याचा हात धरला. "फसवतोस काय रे मेल्या? परत मोज." त्याने परत मोजलं. मोजणं म्हणजे काय हे मला त्या सात वर्षांच्या पोरीइतकं नीट सांगता आलं नसतं.

माशाच्या पानापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो.

पुढच्या आठवड्यात शाळेत तपासणी होती. मुलांना काय येतं, काय येत नाही ते बघायला शहरातून एक साहेब येणार होते. शाळेतल्या बाईंनी मला मदतीला बोलावून घेतलं. चार इयत्ता आणि शिकवायला दोन माणसं, त्यातलं एक त्या दिवशी सभेला गेलेलं. मी खुर्च्या लावल्या, मुलांना ओळीत बसवलं. साहेब आले, पाणी प्याले, मोबाइल काढला. त्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन चौकोन होते. येतं. येत नाही. टेबलावर आमचं पुस्तक पडलेलं बघून ते खूश झाले. "वा, वापरता म्हणायचं! मग यावरूनच विचारतो."

पान उघडलं. नारिंगी रंगाचा एक मासा. असला मासा आमच्या किनाऱ्यावर कुणी पाहिला नाही, पण असो. त्याच्याखाली तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत सहा पेन्सिली मांडलेल्या. शेपटी पंख्यासारखी पसरलेली, शेवटची पेन्सिल पूर्ण तिच्याखाली.

"मासा किती पेन्सिली लांब आहे?"

मुलीने बोट ठेवून मोजलं. "पाच."

"नीट बघ."

तिने नीट बघितलं. "पाचच."

साहेबांनी मोबाइलवर बोट टेकवलं. मी उठले. "साहेब, पाच का म्हणते ते तिला विचारा ना."

ते शांतपणे म्हणाले, "ताई, का विचारायला यात रकाना नाही."

दुष्टपणे म्हणाले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. पण माणूस अगदी साधा होता, उन्हातून आलेला होता, पुढे अजून दोन शाळा करायच्या होत्या. तो निघून गेला आणि ती पोर एका यादीत जाऊन बसली. मागे पडलेली मुलं. पंधरा दिवसांनी फेरतपासणी.

साहेबांची गाडी वळल्यावर मी तिला पायरीवर गाठलं. विचारलं, "पाच कसे गो?"

तिने माझ्याकडे बघितलं, हिलाही कळत नाही की काय अशा नजरेने. "शेपटी कोण मोजतो?"

"का नाही मोजायची?"

"ती तुटते ना. पेटीत दाबतात, बर्फात घालतात, टोकं मोडतात. मग एक बोलतो एवढी, दुसरा बोलतो तेवढी. भांडणं होतात." तिने हवेत एक सुरमई धरली आणि शेपटी जिथून सुरू होते तिथे बोट टेकवलं. "हितपर्यंत मोजायचं. आई हितपर्यंतच मोजते."

ही मी ऐकलेली मोजमापाची सगळ्यांत शहाणी व्याख्या. जो भाग टिकत नाही तो मापात धरू नये. ही अक्कल तिला कुणी पेन्सिली मांडून दिली नव्हती. आईच्या टोपलीशेजारी बसून ती तिने उचलली होती. आणि मोजायला शिकवताना पहिली गोष्ट कुठली शिकवायची? कुठून कुठपर्यंत. पुस्तकाने ते सांगितलं नाही. माशाचं चित्र काढणाऱ्याने आयुष्यात मासा निवडला नसावा. साहेबांनी विचारलं नाही. कुठपर्यंत मोजायचं हे त्या खोलीत तिला एकटीला माहीत होतं, आणि नापास तीच.

बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "मला पटतं गो. पण यादीत नाव राहिलं की मला फोन येतात, पालकसभेत वाचून दाखवावं लागतं. तू तिला एवढंच सांग, पुस्तकातला मासा सहा."

"मी नाही सांगणार."

"मग मी सांगेन," बाई म्हणाल्या, आणि वह्या तपासायला लागल्या.

परतीच्या एसटीत मी पत्रक लिहून काढलं. पहिली ओळ: आमची मुलं मोजायला शिकलेली आहेत, आता तुम्ही शिका. खाली माशाची हकिगत, शेपटीचं कारण, रकान्याचं वाक्य. शेवटी तीन मागण्या, कारण मागण्यांशिवाय पत्रक पुरं होत नाही. शहरात झेरॉक्स काढल्या, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, एसटी थांब्यावर आणि जेटीवर वाटल्या. मुलीचं नाव लिहिलं नव्हतं. त्याबद्दल मी स्वतःची पाठही थोपटली.

दुसरीतल्या सात पोरींपैकी एकीचीच आई मासळी विकते. गावाला किती वेळ लागणार?

जेटीवर एका म्हाताऱ्या खलाशाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. लोक हसले. वाईट हसले नाहीत, पत्रक त्यांना आवडलंच होतं. पण संध्याकाळी मुलगी तिथून जाताना कुणीतरी विचारलं, "काय गो, पाच की सहा?" आणि दुसऱ्याने तडजोड केली, "साडेपाच!" झालं. पोरीचं नाव साडेपाच पडलं. शाळेत साडेपाच, दुकानात साडेपाच. आईच्या टोपलीशी गिऱ्हाइकं विचारायला लागली, "वैनी, सुरमई शेपटी धरून की सोडून?"

शनिवारी मी शाळेच्या फाटकात पोचले तर आई उभी होती. टोपली खाली ठेवलेली, हातात माझं पत्रक.

"तू लिवलंस काय गो ह्या?"

"हो. पण मी नाव कुठेच..."

"नाव कशाला पायजे? घराची कौलं मोजून लिवलीस, वर नाव नाय म्हणतेस."

"वहिनी, मी तिच्या बाजूने लिहिलंय. तिचं उत्तर बरोबर आहे, साहेबांचं..."

"ता माका ठाऊक हाय. माजीच पोर ती. मीच शिकवलंय." तिने पत्रकाची घडी केली, परत उघडली. "तुला राग आला, तू लिवलंस. छापलंस. वाटलंस. तिला विचारलंस?"

 मी जिला पाच का म्हणून विचारलं होतं, तिलाच हे विचारलं नव्हतं.

"तो साहेब बरा," ती म्हणाली. "त्याने आपल्या मोबाइलात लिवलंन. तू गावभर लिवलंस."

माझ्या तोंडावर आजवर पोलीस बोलले आहेत, पुढारी बोलले आहेत. मी उलट बोलले आहे. त्या दिवशी फाटकाचा गंज नखाने खरवडत उभी राहिले. टोपली डोक्यावर घेता घेता ती म्हणाली, "आता ऐक. मी तिला सांगितलंय. शाळेत सहा, घरी पाच. दोन्ही ध्यानात ठेव आणि गप बस. तू यात पडू नको. तुजा राग तुज्या घरी ठेव."

मी पडले नाही. उरलेली पत्रकं बांधून ठेवली. एक चुकीचं काम थांबवायला निघाले होते आणि दुसरं करून बसले होते. पहिल्या चुकीचा राग त्यामुळे तसूभरही कमी झाला नाही. तो आणखी वाढला, कारण आता तो मोकळा ओरडताही येत नव्हता.

फेरतपासणीला मी व्हरांड्यात, भिंतीला टेकून उभी होते. तेच साहेब. तेच टेबल. त्यांनी मुलीला हाक मारली, पुस्तक हातात घेतलं, पान शोधायला लागले. पलंग उलटला, पायमोजा उलटला.

"सहा," मुलगी म्हणाली.

पान अजून उघडलं नव्हतं. बर्फाच्या माणसाचं पान त्यांच्या अंगठ्याखाली होतं. साहेबांनी वर बघितलं, हसले. "शाबास!" आणि चौकोनात खूण केली. येतं.

मी आजही विचारते, काय येतं? मासा दिसायच्या आधी त्याची लांबी सांगता येते, हे? पोर डोळे उघडे ठेवून, बोटाने मोजून, कारणासकट उत्तर देत होती तेव्हा तिला येत नव्हतं. पाठ केलेला आकडा तिने न उघडलेल्या पानावर फेकला तेव्हा तिला यायला लागलं. त्यांच्या हिशेबात एक मूल पुढे सरकलं. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला, मला त्यांचा राग आला नाही. आई म्हणाली असेल, बरं झालं, सुटलो. मला तिचाही राग आला नाही. ज्याने तो चौकोन आखला आणि तिसरा चौकोन आखायचा कंटाळा केला, तो माणूस मला कधी भेटणार नाही, आणि म्हणून माझा राग कुठे टेकत नाही.

पुढच्या शनिवारी मी पुस्तक काढलं नाही. होडी बांधायच्या दोरीचा एक तुकडा नेला होता. मुलांना गोल बसवलं आणि दोरी मध्ये टाकली. काही न छापलेली, खाली पेन्सिली न मांडलेली दोरी. "कोण मोजतं?" म्हटलं.

एरवी ती पहिली उठायची. ती उठली नाही. दांडगोबा उठला, त्याने वाव घ्यायचा प्रयत्न केला, म्हणजे दोन्ही हात पसरून छातीवरून दोरी ताणली, होडीवरची मोठी माणसं घेतात तशी. सगळे हसले. मी तिच्याकडे वळले. "तू सांग. किती असेल?"

तिने दोरीकडे बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, डोळे बारीक करून, पाण्याचा अंदाज घेतात तसे. मग म्हणाली, "तुमाला किती पायजे?"

थट्टा नव्हती. खरंच विचारत होती. मी जो आकडा सांगेन तो ती देणार होती, आणि आम्ही दोघी सुटणार होतो.

माझ्या तोंडात पत्रकाची ओळ आली होती. ती मी गिळली. "मला माहीत नाही," म्हटलं. "मी मोजली नाही." आणि हे खरं होतं, मी ती दोरी नुसती पिशवीत टाकून आणली होती.

तिचा विश्वास बसला नाही.  मग पोरं दोरीचा खेळ करायला लागली तशी ती उठली, दांडगोबाच्या हातातून एक टोक ओढून घेतलं आणि व्हरांड्याच्या कडेला जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. दोरीचं टोक सुटून विसकटलेलं होतं. ते तिने सोडून दिलं, जिथून पीळ घट्ट होता तिथे अंगठा ठेवला आणि वीत टाकली. मग दुसरी. फट न सोडता. ओठ हलत होते. मधेच एकदा मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं, मी बघते आहे का ते बघायला. मी खोक्यातली पुस्तकं लावायला लागले.

मोजून झाल्यावर तिने शेजारच्या मुलीच्या कानात आकडा सांगितला. त्या मुलीने मान डोलावली. मला सांगितला नाही. मीही विचारला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही मला सांगितला नसता.