दुपारचा मुहूर्त आणि सकाळची हवा

कॅप्टन भास्कररावांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडले ते एकटेच, आणि तेही 'आपण' म्हणून. सुरतेत भाड्याने मिळणारं छोटं जेट विमान आलं, तेव्हा मी बातमीत त्याला 'पुष्पक' म्हटलं. पुष्पकात कितीही माणसं बसली तरी एक जागा उरते, हेही विद्वत्तेच्या भरात लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी फोन आला. "शास्त्रीबुवा, आपलं संस्कृत उत्तम आहे. पण आमच्याकडे जागा सात, आणि आज नऊ माणसं डबे घेऊन आली आहेत."

मग त्यांनीच मला विमान आतून-बाहेरून दाखवलं. ते आखूड धावपट्टीवरून उठतं, व्यापाऱ्यांना सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणतं. खुर्च्या काढल्या की साड्यांचे गठ्ठे नेतं, स्ट्रेचर बसवलं की रुग्ण नेतं. फक्त भरलेल्या खुर्च्या, पूर्ण टाकी आणि भर दुपारची तापलेली हवा हे तिन्ही एकदम त्याला पेलत नाहीत. हे भास्कररावांनी मालकांनाही तितक्याच नम्रपणे ऐकवलं आहे.

एका मे महिन्यात कडोदऱ्याच्या एका शेठजींनी मुलीच्या साखरपुड्याला कलकत्त्याला जायला हे विमान ठरवलं. माणसं सात, सातव्या त्यांच्या ऐंशीच्या मातोश्री, बा. आगगाडीचे दोन दिवस बांच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. जोशीबुवांनी निघण्याचा मुहूर्त काढला दुपारी एकचा. आदल्या दिवशी भास्करराव मलाही घेऊन शेठजींकडे गेले आणि सगळ्यांची वजनं घेऊन म्हणाले, "सकाळी सहाला निघालो तर सात जण. एकला सहाच."

"कॅप्टनसाहेब, बा तर चाळीस किलोची. जरा ॲडजस्ट करो ने."

"शेठ, ऊन ॲडजस्ट होत नाही."

बा म्हणाल्या, "मुहूर्त मोडू नका. मी घरी राहीन. फोटो दाखवा."

शेठजींनी पंचांग माझ्यापुढे सरकवलं. मी तिथी-नक्षत्रांवर पंधरा मिनिटं बोललो, उपयोग शून्य. तेव्हा भास्कररावांनी विचारलं, "बा, तुमच्यात प्रस्थान ठेवत नाहीत? आमची आई अमळनेरहून निघताना ठेवायची." चांगल्या वेळेला आपली एखादी वस्तू वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायची, प्रवास तिथूनच सुरू झाला असं धरतात, माणूस मग सोयीने निघतो.

"ठेवतात तर," बा म्हणाल्या. "हे पोरगंच विसरलं." पन्नाशीचे पोरगे खाली बघू लागले.

जोशीबुवांनी त्याच संध्याकाळची वेळ दिली. बांची तांदूळ-सुपारीची पुरचुंडी भास्करराव स्वतः विमानतळाच्या वाटेवर डिंडोलीत आपल्या घरी घेऊन गेले. वहिनींनी ती देवापुढे ठेवली. सकाळी सहाच्या आत ती बांच्या हाती आली आणि साती जण उडाले. बांनी कलकत्त्यात नातीच्या कपाळावर स्वतःच्या हाताने कुंकवाचा चांदला केला. शेठजी अजून सगळं श्रेय जोशीबुवांना देतात; भास्करराव हरकत घेत नाहीत.

साठी पूर्ण झाल्याने नियमाप्रमाणे ते आता उड्डाण थांबवत आहेत. इतक्या वर्षांत वहिनी मात्र एकदाही विमानात बसलेल्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, "माझं वजन विचारायची यांची हिंमत झाली नाही." भास्कररावांना निरामय, भरपूर आयुष्य लाभो, आणि त्यातल्या पहिल्याच प्रवासाला तरी वहिनींना घरी राहावं न लागो.