बाबूच्या रजिस्टरची बुरशी

आमच्या जंगलखात्याच्या क्वार्टरच्या भिंतीवर बुरशी इतकी, की ती खरडता खरडता किस्सेच निघत! आरमोरीच्या पुढं, पन्नास-बावन्न सालातली गोष्ट. मी फॉरेस्ट गार्ड. शेजारी हापिसातले गुलाबबाबू. माणूस साधा, म्हणून माझ्या तावडीत!

आषाढात माझा चामड्याचा पट्टा हिरवागार झाला. तसाच बांधून हजेरीले गेलो.

रेंजरसाहेब खेकसले, "काऊन रे, हे काय आहे?"

"साहेब, खातं जंगलाचं. पट्टाबी उगवला!"

दोन दिवस जास्तीची गस्त पडली.

•

पोळ्याले बाबूनं पेटीतून आपली काळी टोपी काढली, तं ती पांढरी!

मी म्हटलं, "बाबू, न सांगता पार्टी बदलली का?"

बिचारा गावभर सांगत फिरला, "बुरशी आहे हो, बुरशी!"

•

मग बाबूनं चुना फासला. आठवड्यात त्यातून काळे ठिपके वर. कोणी सांगितलं, कडुनिंबाचा धूर करा. बाबूनं दारं-खिडक्या लावून धूर केला, तो छपराच्या कवेलूतून बाहेर निघाला.

आम्ही पडलो वणवा विझवणारे! चार गार्ड हिरव्या डहाळ्या घेऊन धावले, झोडप झोडप झोडपलं, वरून बादल्या ओतल्या. ओल दुप्पट झाली!

"आग लागली" ही पहिली हाक कोणाची, ते बाबूले अजून माहीत नाई. माझीच होती.

•

पण खरी मजा पुढंच. बाबूची नोकरी कच्ची होती. चांद्याहून मोठे साहेब तपासणीले येणार, त्यांचा शेरा चांगला पडला तरच पक्की. अन् लाकडाच्या नोंदीच्या रजिस्टरची पानं बुरशीनं चिकटलेली!

बाबू डोकं धरून बसला. त्याची बायको सगुणाबाई म्हणाली, "अवो, आणा इकडं. चुलीवरच्या ताटीवर ठेवलेल्याले बुरशी लागते का कधी?"

चुलीवर बांबूची ताटी टांगलेली होती. रजिस्टर आठ दिवस तिथं धूर खात राह्यलं. पानं सुटली, अक्षरं शाबूत, बुरशी गायब! फक्त त्या ताटीवर पावसाळ्याची सुकी मासळीबी होती, हे बाबू विसरला.

साहेब आले. आठवडाभर दौऱ्यावर, डाकबंगल्यातलं फिकं वरण खाऊन वैतागलेले. रजिस्टर उघडलं अन् थांबले. पान नाकाशी नेलं. मग दुसरं. मग तिसरं.

रेंजरसाहेब छताकडं पाहू लागले. मी हसू गिळत दाराशी उभा.

"बाबू, हे रजिस्टर ठेवता कुठे?"

"चू... चुलीवर, साहेब. बुरशी लागते नं. चुकलं माझं."

साहेबांनी एकही आकडा न वाचता शेरा लिहिला, 'रजिस्टर उत्तम. इसम कायम करण्यालायक.' खाली सही ठोकली, पेनाले टोपण लावलं अन् हळूच विचारलं,

"चूल आता पेटलेली आहे काय?"