सावर्ड्याची शेवटची गुलछडी

गुलछडी बिस्किट बंद करायचं ज्या माणसाच्या डोक्यात आलं, तो मला एकदा भेटायला हवा आहे. मी त्याला मारणार नाही. (वय झालं, खांदा दुखतो.) फक्त समोर बसवून त्याच्याच कंपनीचं नवं ओट्सचं बिस्किट चहाशिवाय खायला लावणार आहे. अख्खा पुडा!

ज्यांनी गुलछडी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खोबऱ्याचं बिस्किट, वर साखरेचे जाड दाणे आणि बाहेर लाल मेणकागद. लहानपणी आमच्याकडे ते फक्त ताप आल्यावर मिळायचं, त्यामुळे मला लहानपणी फार ताप यायचा. पुढे नोकरी लागली, ताप थांबला, गुलछडी रोजची झाली. आणि एक दिवस रत्नागिरीतल्या आमच्या वाण्यानं थंडपणे सांगितलं, "माल बंद झाला वो. हे न्या ना, नाचणीचं. बिनसाखरेचं हाय."

"साखर नको असती तर मी घरीच बसलो नसतो का?" मी असा ओरडलो की शेजारचा रिक्षावाला उतरून बघायला आला.

त्या दिवसापासून मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही. मग दुसऱ्या दुकानात तेच झालं, तिसऱ्यातही तेच. आता आमच्या घरचं सगळं वाणसामान माझी बायको वंदना आणते.

मी असा धुमसत असतानाच आमच्या लेकीनं, प्राचीनं, लग्न ठरवलं. म्हणजे तिनं मुलगा ठरवला, बाकीचं आम्ही ठरवायचं होतं. ती लोट्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, आणि सुशांत कदम तिथेच, शेजारच्या विभागात. घर सावर्ड्याला. रविवारी आम्ही तिघं गाडी काढून निघालो.

"बाबा, तिथे बिस्किटांवर बोलायचं नाही," प्राचीनं हातखंब्यालाच बजावलं.

"मी कशाला बोलू?"

"आणि चिडायचं नाही. सुशांतचे बाबा जरा तापट आहेत."

"तापट माणसं मला अजिबात आवडत नाहीत!" मी चिडून म्हणालो.

सावर्ड्याच्या बाजारात वंदना आणि प्राची फळं घ्यायला उतरल्या. मला तहान लागली म्हणून मी समोरच्या दुकानात पाण्याची बाटली घ्यायला शिरलो. आणि गल्ल्यामागच्या फळीवर, झाडूंच्या शेजारी, मला लाल मेणकागद दिसला! एक नाही, खोकंभर पुडे! मी पाणी विसरलो. वाकून खोक्याला हात घातला, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं एक केसाळ हात आला.

"सोडा," हाताचा मालक म्हणाला. पांढरा सदरा, जाड मिशा.

"तुम्ही सोडा. आधी मी धरलंय."

"आधी मी पाहिलंय! मी इथलाच हाय."

"इथलेच ना? मग इतके दिवस काय झोपला होतात?"

"अवो, दोघंजण जरा आयकून तरी घ्या..." दुकानदार मध्ये बोलू लागला.

"तू गप!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. (तेवढ्यावरच काय ते आमचं एकमत झालं.)

"माझ्याकडे पाहुणे यायचेत!" मिशा थरथरल्या.

"मग त्यांना पोहे घाला!"

मी गल्ल्यावर नोट आपटली, खोकं छातीशी धरलं आणि बाहेर पडलो. मागून आवाज आला, "परत या गावात दिसलात तर बघा!"

"येतोय कोण तुमच्या गावात!" मी रस्त्यातूनच ठणकावलं आणि ताठ मानेनं गाडीत जाऊन बसलो.

थोड्या वेळानं फळांची पिशवी घेऊन दोघी आल्या. खोकं पाहून वंदनानं विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "गाडीत ठेवत नाही, उन्हानं खराब होईल." तिनं विचारलं होतं काय आणि मी सांगितलं काय! पण तिनं वाद न वाढवता गाडीचं दार लावलं. चांगल्या कामाला निघालो होतो.

कदमांचं घर शोधलं, बेल वाजवली, दार उघडलं. समोर त्याच मिशा!

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे. मी फक्त खोक्यावरची पकड घट्ट केली.

"या ना, या!" आतून सुशांतच्या आई आल्या. "बसा. यांना बिस्किटं आणायला धाडलं होतं, तर रिकाम्या हातानं आले. दुकानात कोण येडा भेटला म्हणे!"

वंदनानं सावकाश माझ्याकडे पाहिलं. "दिसायला कसा होता?"

"टक्कल होतं म्हणे. नि नुसता बोंबलत होता."

प्राचीनं डोळे मिटून घेतले. सुशांत पंख्याकडे बघू लागला.

"माझ्या मुलाचं लग्न या माणसाच्या मुलीशी होणार नाही!" कदम गरजले.

"माझी मुलगी असल्या घरात नांदणारच नाही!" मी उभ्याउभ्याच उत्तर दिलं.

"तुझे बाबा नेहमी असेच असतात?" प्राचीनं सुशांतला विचारलं.

"रोज."

"मग काही प्रश्न नाही. मला सवय आहे."

तेवढ्यात सुशांतच्या आईंनी माझ्या हातातून खोकं काढून घेतलं (पुढे माझी मुलगी सुखात राहील, हे मला तिथेच कळलं), एक पुडा फोडला आणि बशी आम्हा दोघांच्या मध्ये आदळली. "खा आता! नि गप बसा!"

कदमांनी झडप घालून पहिलं बिस्किट उचललं, चावलं आणि मोरीकडे धावले.

"रॉकेल! रॉकेलचा वास मारतोय!"

बशीतल्या दुसऱ्या बिस्किटातून एक तपकिरी किडा बाहेर आला आणि काठावरून फिरू लागला.

"त्या चोराला आज सोडत नाही!" तोंड पुसत कदम बाहेर आले.

"चला!" मी म्हणालो.

उरलेलं खोकं घेऊन आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बाजारात निघालो. वाटेत कदमांनी गुलछडी बंद करणाऱ्या कंपनीला घातलेल्या शिव्या ऐकून मला भरून आलं. इतकं माझ्या मनातलं आजवर कुणी बोललं नव्हतं! (आमच्या पाठीमागे दोन्ही आयांनी लग्न ठरवूनही टाकलं. आम्हाला कुणी विचारलं नाही.)

"लोकांना किडे विकतोस?" कदमांनी गल्ल्यावर मूठ आपटली.

"विकले कुठं? हेच तर पैसे टाकून पळाले!" दुकानदारानं माझी नोट माझ्यापुढे सरकवली. "मी घसा फोडून सांगत होतो, आयकून घ्या. मागची खोली साफ करताना घावली ही. रॉकेलच्या पिंपामागं पडलेली. कुत्र्यांना घालू म्हणून वर काढून ठेवली व्हती."

मी नोट खिशात घातली. कदमांना तरीही खात्री पटेना. त्यांनी एक बिस्किट पायरीवरच्या कुत्र्यापुढे टाकलं. कुत्र्यानं वास घेतला, आमच्याकडे पाहिलं, उठलं आणि पलीकडे सावलीत जाऊन बसलं.

"बघा!" कदम म्हणाले. "कुत्रं तोंड लावीना! बरं झालं, मी लगेच थुंकलो. नि तुम्ही तर खाल्लंच नाहीत."

मी मान डोलावली. फळं घेऊन दोघी येईपर्यंत गाडीत बसून मी एक अख्खा पुडा संपवला होता, आणि डोळे पुसत स्वतःशीच म्हणालो होतो, 'वा! अगदी तीच चव!'