सिरिल ब्रॅमहॅमचं पिवळं पान

सिरिल ब्रॅमहॅमला पक्षी पाहण्याचा नाद लागून उभा जन्म झाला, पण पक्ष्यांनी त्याला कधी फारशी दाद दिली नाही. एकदा त्याने जाहीर केलेलं पांढरं घुबड म्हणजे कुंपणाला अडकलेली खताची रिकामी गोणी निघाली. एकदा काळा करकोचा म्हणून त्याने भरसभेत बोट दाखवलं, तर बांधावरून चालत येणारे पाद्रीबाबा निघाले. दुर्मिळ तेही होते, कारण किल्बी गावात ते महिन्यातून एकदाच यायचे. पण करकोचा नव्हते. याच डोळ्यांनी आपण एवढी वर्षं बस चालवली आणि कुणाला चिरडलं नाही, याचंच सिरिलला हल्ली नवल वाटे.

किल्बीच्या टोकाला, दीपगृहाच्या अलीकडे, पक्षी पाहणाऱ्यांची एक लाकडी खोपटी आहे. तिथे कायदे दोनच. वाट चुकून आलेला दुर्मिळ पक्षी जो पहिल्यांदा शोधेल, त्याचं नाव खोपटीतल्या फळ्यावर रंगवायचं. आणि जो पक्ष्याचं नाव चुकीचं सांगेल, त्याने रविवारी सगळ्यांसाठी पार्किन आणायचा. पार्किन म्हणजे ओट, सुंठ आणि काकवी घालून केलेला तिकडचा शरदातला केक. फळ्यावर गावातल्या जवळजवळ सगळ्यांची नावं होती. गॉर्डनचा मेहुणा तर एकच दिवस पाहुणा म्हणून आला होता, त्याचंही होतं. सिरिलचं नव्हतं. पार्किन मात्र किल्बीत त्याच्याच घरचा प्रसिद्ध होता.

तो भाजायची त्याची बायको, विनी. त्या सकाळी सिरिल दुर्बीण गळ्यात अडकवून बूट चढवत होता, तेव्हा ती मनगट चोळत म्हणाली, "आज पार्किनची पाळी आणलीस तर तूच भाज. माझ्या हातात आता पीठ कालवायचं बळ नाही."

"मी आज तोंडच उघडणार नाही."

"तोंड मिटून बसलास तर फळ्यावर नाव कसं लागायचं?"

सिरिलने बुटाच्या नाडीत डोकं घातलं. दुखरी जागा नेमकी तीच होती. मरण्याआधी एकदा तरी त्या फळ्यावर आपलं नाव यावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती, आणि ती त्याने विनीशिवाय कुणाला सांगितली नव्हती. वय असं झालं होतं की पुढच्या ऑक्टोबरची खात्री पक्ष्यांनी धरावी, त्याने नाही.

बाहेर पूर्वेचा वारा होता आणि त्यात बारीक झिमझिम. घरातल्या माणसांना हे हवामान शिव्या घालण्याजोगं वाटतं, खोपटीतल्यांना सणासारखं. समुद्र ओलांडून आलेले दमलेले पक्षी अशा दिवशी पहिलं झाड दिसेल तिथे उतरतात. किल्बीत पहिलं झाड म्हणजे प्रार्थनाघराच्या भिंतीआडचं म्हातारं सिकॅमोर. निम्मी पानं गळालेली, उरलेली पिवळी पडलेली.

झाडाखाली गॉर्डन आणि डोरीन आधीच उभे होते. गॉर्डन जन्मभर शेवंड्यांच्या मागे समुद्रात होता आणि आता सिरिलच्या मागे होता. डोरीन गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी कायदा त्यांच्याच हातात राहिला होता.

"या सिरिलराव," गॉर्डन म्हणाला. "आज काय दाखवताय? हत्ती?"

"आज मौन आहे माझं."

"विनीने कुलूप घातलं वाटतं तोंडाला."

"किल्लीही तिच्याकडेच आहे."

"मग बरं. नाही तर बिचाऱ्या पाद्रीबाबांना आज घराबाहेर पडायची भीती."

"गॉर्डन, झाडाकडे बघ," डोरीन म्हणाल्या, आणि गॉर्डन झाडाकडे बघू लागला.

झाडात गोल्डक्रेस्ट नावाचे इवलेसे पक्षी पुष्कळ होते. ते दर शरदात येतात, त्यांचं कुणाला अप्रूप नाही. सिरिल जरा बाजूला, भिंतीच्या कोपऱ्याशी जाऊन उभा राहिला. तिथून पाहिलं तर चुकलो तरी कुणाला कळत नाही, असा त्याचा अनुभव होता.

मागच्या फांदीवर एक पिवळं पान हलत होतं. सगळीच पानं हलत होती. मग वारा घटकाभर पडला, सगळी पानं थांबली, आणि ते एकच हलत राहिलं. सिरिलने दुर्बीण लावली. पानाला भुवई होती. चांगली ठसठशीत पिवळी भुवई, डोक्याच्या मधोमध फिकट रेघ, पंखावर दोन पट्टे. पॅलस वटवट्या. सैबेरियातून आग्नेयेकडे जायचं सोडून पश्चिमेला भरकटलेला, अंगठ्याएवढा जीव. कमरेवरचा लिंबाच्या रंगाचा ठिपका दिसला की शंका उरत नाही. पण ती कमर पानाआड होती.

सिरिलने दुर्बिणीच्या काचा पुसून ती पुन्हा लावली. भुवई असलेलं पान त्याने आजवर पाहिलं नव्हतं. पण त्याने आजवर जे जे पाहिलं होतं, ते बाकी कुणी कुठे पाहिलं होतं? डोळ्यांपुढे खताची गोणी आली, पाद्रीबाबा आले, आणि सगळ्यांच्या पुढे विनीचं मनगट आलं.

"काय रे, कुठे एवढी दुर्बीण रोखलीस?" गॉर्डन जवळ येत म्हणाला.

"कुठे नाही. पान आहे."

"नक्की?"

"पानच. पिवळं. वाऱ्याने हलतंय."

"वारा कुठाय?"

हे बोलणं चालू असतानाच पान उडालं. फांदीच्या टोकाशी येऊन हवेत एका जागी थरथरलं, आणि लिंबाचा ठिपका तिघांनाही असा लख्ख दिसला की कुणाला नाव उच्चारायची गरज राहिली नाही. तरी डोरीननी ते हलक्या आवाजात उच्चारलं. मग बराच वेळ तिघंही दुर्बिणी लावून उभी होती, आणि पाखरू आपल्या पोटापाण्याच्या उद्योगात होतं.

ते भिंतीपलीकडे गेल्यावर गॉर्डनने घसा खाकरला. "डोरीन, आता हे तुम्हीच सोडवा. फळ्यावर नाव कुणाचं?"

"आधी कुणी पाहिलं?"

"यानेच," गॉर्डन नाइलाजाने म्हणाला. "पण हा पान म्हणाला. मी कानांनी ऐकलंय."

"सिरिल, तू पान म्हणालास?"

"म्हणालो."

डोरीननी चष्मा पुसला. "मग फळ्यावर नाव सिरिलचं. आणि रविवारचा पार्किनही सिरिलचा."

"पण मी चुकीचा पक्षी कुठे सांगितला?" सिरिल म्हणाला. "पक्षीच नाही म्हणालो."

"ते तर जास्तच चुकीचं," डोरीन म्हणाल्या.

खोपटीत जाऊन गॉर्डनने स्वतःच्या हाताने नाव रंगवलं. 'सिरिल ब्रॅमहॅम' आणि पुढे पक्ष्याचं नाव. वर आगाऊपणे त्याच्या शेजारी एक छोटं पान काढलं. सिरिल चहाचा कप हातात धरून त्या फळ्यासमोर उभा राहिला. चहा गार झाला. आयुष्यात एकदा खरा पक्षी सापडला, आणि त्याची ओळख आपण झाडाचा पाला म्हणून करून दिली, हे काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, असं त्याला वाटलं, आणि वाईट काही वाटलं नाही.

घरी विनीने त्याचा चेहरा पाहिला. "पार्किन?"

"हो."

"या खेपेला काय होतं?"

"खरा पक्षी. फळ्यावर नाव लागलं."

विनीने उठून आपला एप्रन त्याच्या गळ्यात घातला, मागे गाठ मारली आणि ती मारताना हात जरा जास्तच वेळ त्याच्या पाठीवर राहिला. नंतर ती खुर्चीत जाऊन बसली.

सिरिलने ओट मोजले, काकवी सांडली, पुसली. फळीवर तपकिरी पूड भरलेल्या दोन बरण्या होत्या, दोन्हींवरची चिठ्ठी कधीच झिजून गेलेली.

"विनी, यात सुंठ कुठली?"

"तूच ओळख की. आता तुझं नाव आहे फळ्यावर."

त्याने एक बरणी उघडली, वास घेतला, खिडकीशी नेऊन उजेडात धरली. मग दुसरी. पुन्हा पहिली. एरवी तो 'असेल कदाचित' म्हणाला असता.

"ही सुंठ," तो ठामपणे म्हणाला, आणि दोन चमचे भरून पिठात घातले.

विनी पार्किन भट्टीत जाऊन दार लागेपर्यंत थांबली, आणि मग तिने त्याला सांगितलं की ती दालचिनी होती.