पुलीवरची खोटी खूण

बुद्धघोष मिस्त्रींच्या हातातला पाना अडला.

खोलून पुन्हा बांधलेलं इंजिन ते हातानं फिरवून बघत होते. पाऊण फेरा लोण्यासारखा गेला, मग आत कुठंतरी लोखंडाला लोखंड लागलं. त्यांनी जोर केला नाही. पाना तसाच सोडून ते स्टुलावर बसले.

उमरग्याच्या हायवेवर बत्तीस वर्षं त्यांनी ट्रकची इंजिनं बांधली होती. आयटीआय करून नवं शटर उघडलं, तेव्हा महिनाभर कुणी फिरकलं नव्हतं. पहिला ट्रक आणून लावला तो ट्रकवाल्या वीरप्पाअण्णांनी. आज समोर उभी होती तीही अण्णांचीच गाडी, पण ट्रक नव्हे. दोन माणसांची, उघड्या टपाची, ठेंगणी विलायती स्पोर्ट्स कार. अण्णांनी ती तरुणपणी हैदराबादेत हौसेनं घेतली होती, आणि गेली एकवीस वर्षं ती शेडात ताडपत्रीखाली पडून होती. "मिस्त्री, एकदा हिचा आवाज ऐकवा," एवढंच ते म्हणाले होते. नवे व्हॉल्व्ह विलायतेहून यायला सात महिने लागले. तसला दुसरा संच मिळायची आशा नव्हती.

पिस्टन वर-खाली होतो आणि कॅमशाफ्ट व्हॉल्व्हची उघडझाप करतो. दोघांचा मेळ बसवायचा, यालाच टायमिंग म्हणतात. मेळ चुकला तर उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतो आणि वाकतो. बुद्धघोषांनी पिस्टन वरच्या टोकाला आल्याचं दाखवणारी पुलीवरची खूण, कॅमशाफ्टवरची खूण तीनतीनदा बघून जुळवली होती. तरी धडक लागली कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नेहमीसारखे चहाची किटली घेऊन आले. गोष्ट दोन दिवस दडवता आली असती. बुद्धघोषांना ते जमलं नाही.

"अण्णा, टायमिंग चुकलं जणू. एखादा व्हॉल्व्ह वाकला असंल. चूक माझी हाय."

अण्णांनी कप भरला. "वाकलाय, का वाकला असंल?"

"बघितल्याबिगर कळायचं न्हाय."

"मग बघा की. मी बसतो हितं."

बुद्धघोषांनी कॅमशाफ्ट उतरवला. आता सगळे व्हॉल्व्ह बंद असणार. शेजारच्या पंक्चरवाल्याची हवेची नळी एकेका प्लगच्या भोकात लावायची. व्हॉल्व्ह वाकला असेल तर त्याच्या तोंडातून हवा सूं सूं करत निसटणार. पण ती ऐकायची कुणी? ट्रकच्या धडधडीनं बुद्धघोषांचा डावा कान गेलेला, उजवा अर्धाच उरलेला. अण्णा तर ऐंशीचे.

बुद्धघोषांची मुलगी संघप्रिया गावातल्या दवाखान्यात नर्स होती. तिला फोन गेला. ती ड्यूटीवर जाताजाता आली आणि पर्समधून स्टेथोस्कोप काढला.

"पप्पा, कुठं लावू?"

"हितं, हवा आत जाती त्या तोंडाला. मग मागं सायलेन्सरला."

तिनं डोळे मिटले. पहिला सिलेंडर. बुद्धघोष तिच्या तोंडाकडं बघत राहिले, डॉक्टरकडं बघावं तसं. दुसरा. तिसऱ्याला तिच्या कपाळावर आठी पडली.

"थांबा, बाहेर ट्रक चाललाय." ट्रक गेला. "न्हाय, काहीच न्हाय इथं."

चौथाही तसाच गप्प निघाला.

"पप्पा, सगळे चांगलेत," ती म्हणाली. पाना अडताच बुद्धघोषांचा हात थांबला होता, म्हणून व्हॉल्व्ह वाचले.

आता चूक शोधायची. प्लगच्या भोकातून त्यांनी एक बोल्ट आत अडकवला. इंजिन एका बाजूला फिरवून पिस्टन बोल्टला टेकवला, पुलीवर खूण केली. उलट्या बाजूला फिरवून टेकवला, पुन्हा खूण केली. दोन्हींच्या बरोबर मध्ये पिस्टनचं खरं वरचं टोक. पुलीची खूण तिथून चांगली चार बोटं लांब होती! पुलीचं बाहेरचं कडं आतल्या जुन्या रबरावरून सरकलं होतं आणि खूणही आपल्यासोबत घेऊन गेलं होतं.

"अण्णा, खूणच खोटी निघाली. म्या बरोबर जुळवलं होतं!" बुद्धघोषांनी पुलीवर बोट ठेवलं.

"तुमच्या हाताबद्दल मला कधी शंका होती व्हय?" अण्णा म्हणाले.

नवी पुली यायला बारा दिवस लागले. खऱ्या टोकावरून टायमिंग लावलं. पाना फिरवला, एक फेरा, दोन, चार. कुठंच अडलं नाही. चावी अण्णांनीच फिरवली. तिसऱ्या वेळी इंजिन खाकरलं आणि मग असं एकसुरात घुमू लागलं की बुद्धघोषांच्या अर्ध्या कानालाही गोड लागलं. अण्णांनी त्यांना शेजारी बसवून कर्नाटकच्या हद्दीपर्यंत चक्कर मारून आणली.

त्या दुपारी बुद्धघोष घरी गेले, आंघोळ केली, ठेच्यासंगं तीन भाकरी खाल्ल्या आणि दिवस मावळेपर्यंत घोरत पडले. गॅरेजपुढं दोन ट्रक येऊन थांबले होते. संघप्रियानं ड्रायव्हरांना सांगून टाकलं, "पप्पा आज भेटायचे न्हायत. उद्या या."