नवरात्रात वाचा गेली तेव्हा

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्या नवरात्रात माझा देवीवर जरा रागच होता. महिनाभर उजव्या हाताला मध्येच मुंग्या येत, बोलताना साधे शब्द सापडत नसत, आणि थोड्या वेळानं सगळं पूर्ववत. इतकी वर्षं नेमानं अंबादेवीच्या दर्शनाला जाते, मग हे माझ्याच वाट्याला का, असं वाटे. घरात बोलले नाही. सणासुदीत कुणाला घोर लावायचा!

अष्टमीला अमरावतीच्या आमच्या घरी मी आरती म्हणत होते. अचानक तबक हातातून निसटलं. बोलू गेले तर नुसते बोबडे आवाज. अकोल्याहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई ओरडल्या, “आली वो, आई अंगात आली! पाय धरा!” बायका पाया पडू लागल्या. एकीनं तर पोरीचं लग्न कधी जमेल तेही विचारून घेतलं. मला आतून सगळं कळत होतं. ‘बायांनो, मी मरतेय’ असं ओरडायचं होतं, पण शब्दच नव्हते. मनातल्या मनात म्हणाले, आई, आता तूच बोल.

गलका ऐकून शेजारच्या कमलताई आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतलेला, त्यामुळे आरतीला त्या कधी येत नसत.

“हे अंगात येणं नाही वो. बाईचं तोंड वाकडं झालं, हात पाहा कसा लटकून राहिला! पाया काहून पडून राहिल्या? टांगा बोलवा!”

“देवीचा कोप होईन,” नणंदबाई म्हणाल्या.

“होऊ द्या माह्यावर.”

दवाखान्यात पोचेपर्यंत वाचा परतली, पण मानेला नळी लावून ऐकताच डॉक्टर गंभीर झाले. त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं, तिथे मानेतल्या नसांचे फोटो निघाले. डोक्याकडे रक्त नेणारी डावीकडची नस निम्मीशी बुजली होती. एक डॉक्टर म्हणाले, एवढ्यासाठी चाकू नको. दुसरे म्हणाले, झटके येताहेत, पुढचा कायमचा असेल. नस उघडून साफ करायचं हे ऑपरेशन तेव्हा अगदी नवं. यजमानांना काही सुचेना. मीच हो म्हटलं. धीट होते म्हणून नव्हे, भिऊन भिऊन थकले होते. देवीला म्हटलं, ठेव नाहीतर ने.

फक्त मान बधिर केली होती. मेंदूला रक्त पोचतंय हे कळावं म्हणून मला सतत बोलायला सांगितलं. मी आरती धरली. येत होत्या तेवढ्या सगळ्या आरत्या संपल्या, तर पडद्यामागून डॉक्टरांचा आवाज आला, “आई, थांबू नका.” मग मी पाटवडीचा रस्सा कसा करतात ते सांगत सुटले. एकही शब्द अडखळला नाही. नस शिवून झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला हसूही आलं आणि रडूही.

अमरावतीला परतले ती आधी कमलताईंकडे गेले. वाकू लागले तर त्यांनी मला वरच्या वर धरलं. “पाया नका पडू वो. बोला तुमी, मले ऐकू द्या.” मी पोटभर बोलले. आई, तूच बोल, असं मी म्हटलं होतं. तिनं कुणाच्या तोंडून बोलावं हे ठरवणारी मी कोण?

नणंदबाई अजून सांगतात, त्या अष्टमीला देवी आली होती. मीही हो म्हणते. कुणात आली होती, एवढ्यावरच आमचं एकमत नाही.