लेट ऑफ भोईवाडा

प्लेगाच्या दुसऱ्या वर्षी मी भोईवाड्यातल्या एका चाळीत राहत होतो आणि शहराच्या जुन्या कोटाच्या भागातल्या एका वकिलाच्या कचेरीत इंग्रजी कागदांच्या नकला करीत होतो. चाळीत कोणाकडेही इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. मला त्याचा थोडा ताठाही होता.

शेजारच्या खोलीत गिरणीत काम करणारा रत्नागिरीकडचा एक माणूस, त्याची बायको आणि धाकटा भाऊ राहत. गावाहून परतताना अंगात ताप निघाला म्हणून तपासणीवाल्यांनी त्याला कुठल्याशा छावणीत ठेवलं, एवढंच आम्हांला कळलं होतं. पुढे बारा दिवस काहीच नाही. मग एका रविवारी सकाळी भाऊ गिरणीच्या पत्त्यावर आलेला कागद घेऊन माझ्याकडे आला. मागे वहिनी उभ्या होत्या.

अक्षर घाईचं, शाई पसरलेली. आधी त्याचं नाव, वय आणि लगेच ‘लेट’. हा शब्द मी रोज लिहीत असे. मृत्युपत्रात, वारसांच्या अर्जांत, सगळीकडे लेट अमुक, लेट तमुक, म्हणजे कैलासवासी. पुढे कपडे, नातलग, फाटक एवढेच शब्द लागले. कपडे घेऊन जा म्हणताहेत, असं मी धरलं.

भावाला म्हणालो, “दादा गेले रे तुझे.”

वहिनी ओरडल्या नाहीत. खोलीत गेल्या, भिंतीशी बसल्या आणि जमिनीवर हात आपटून बांगड्या फोडल्या.

माहीमची एक कोळीण चाळीत मासळी विकायला येई. भावाचं रडणं ऐकून ती टोपली बाहेर ठेवून आत आली. तिचा नवरा आदल्या वर्षी प्लेगानेच गेला होता. तिने मला विचारलं, “कवा गेला? दिवस लिवला असंल ना?”

“दिवस नाही लिहिलेला.”

“माझ्या मालकाच्या कागदात दिवस व्हता, येळ पन व्हती. परत बघ.”

मी पुन्हा पाहिलं. दिवस खरंच नव्हता. शिवाय ‘लेट’ नावाच्या आधी नव्हता, नंतर होता, आणि पुढे ‘ऑफ भोईवाडा’. असं मी कधी लिहिलं नव्हतं. “गावी इतक्यात कळवू नकोस,” असं भावाला सांगून मी निघालो.

आमचे हेडक्लार्क ठाकूरद्वारला राहत. मी चालत पोहोचलो तेव्हा ते पाटावर बसत होते. त्यांनी उभ्यानेच कागद वाचला.

“अरे, नावाआधी आला तर माणूस गेला. नावामागून ‘लेट ऑफ’ आलं, तर तो पूर्वी तिथे राहत होता, इतकंच. माहीमच्या छावणीत आहे, ताप उतरलाय, नातलगांनी कपडे फाटकाशी आणून द्यावेत. सरळ तर लिहिलंय!”

“पण लेट म्हणजे उशीरही ना?” मी खुळ्यासारखं विचारलं.

“हो. तो आता तुला होतोय. पळ.”

परत आलो तेव्हा बायका वहिनींना धरून बसल्या होत्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं, “माझं चुकलं. दादा जिवंत आहेत.”

“नक्की?” वहिनींनी विचारलं.

“नक्की.”

“सकाळीही तुम्ही नक्कीच सांगितलंत.”

त्यांनी दोन धोतरं आणि एक बंडी गाठोड्यात बांधली. कोळीण अजून तिथेच होती. “छावणी ठावं हाय मला,” ती म्हणाली आणि आम्हा तिघांच्या पुढे चालू लागली.

फाटकावरच्या शिपायाने हाक दिली. बऱ्याच वेळाने वहिनींचा नवरा कुंपणाशी आला, दाढी वाढलेला, निम्मा झालेला. वहिनी म्हणाल्या, “जेवलात काय?” त्याची नजर त्यांच्या हातांवर गेली.

“बांगड्या कुठे गेल्या?”

सांगणं माझ्यावर आलं. मी काही न लपवता सांगितलं. तो हसून म्हणाला, “मग रडलं कोण कोण?”

त्यावर वहिनी त्या दिवसात पहिल्यांदाच रडल्या, कुंपणाची काठी दोन्ही हातांनी धरून.

आठ दिवसांनी त्याला सोडलं. त्याने माझा राग धरला नाही. वहिनी मात्र दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मीही कधी तक्रार केली नाही.